पत कुणाची, आणि ती ठरवणार कोण?



'पत' हा मराठीतला दोन अक्षरी शब्द. रिझर्व्ह बँक व्याजदर जाहीर करते तेव्हा वर्तमानपत्रे 'पतधोरण' असा मथळा देतात. शिक्षकांची, गिरणी कामगारांची, एस.टी. कर्मचाऱ्यांची 'पतपेढी' असते. गल्लोगल्ली 'पतसंस्था' असतात. कर्ज मागायला गेलो की साहेब म्हणतात, "तुमची पत पाहावी लागेल." ही झाली व्यापारातली पत.

याच शब्दाचा दुसरा संसार गावात आणि घरात चालतो. 'त्याने घराण्याची पत घालवली.' 'भावकीत पत राहिली नाही.' 'गावात त्याला काडीची पत नाही.' इथे पैशाचा संबंध नाही, संबंध आहे मानाचा. अमुक माणसाच्या शब्दाला चार माणसांत वजन आहे की नाही, एवढाच त्याचा अर्थ.

उधार मिळण्याची लायकी आणि समाजातला मान, या दोन गोष्टी मराठी माणसाने एकाच शब्दात बांधल्या. हा भाषेचा योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही. ज्याला मान त्याला उधार, आणि ज्याला मान नाही त्याला उधारही नाही, ही इथल्या समाजाची शेकडो वर्षांची रीत होती. भाषेने ती जशीच्या तशी नोंदवून ठेवली.

आज हा शब्द घेऊन बोलण्याचे कारण आहे. आपल्या तरुणांना सगळीकडून एक उपदेश ऐकवला जातो: नोकऱ्यांच्या मागे लागू नका, धंदा करा, आधी स्वतःची पत निर्माण करा. ऐकायला हा उपदेश चांगला आहे. पण त्यात एक गृहीत लपलेले आहे. पत ही ज्याने त्याने आपल्या गुणांवर कमवायची वस्तू आहे, आणि ज्याच्याकडे ती नाही तो कुठेतरी कमी पडला, असे ते गृहीत. इतिहास काय सांगतो ते पाहू.

ऐपत वेगळी, पत वेगळी

आधी दोन शब्दांमधला फरक लक्षात घेऊ. 'ऐपत' म्हणजे आपल्या खिशात काय आहे ते. 'पत' म्हणजे आपल्याबद्दल दुसऱ्याला काय वाटते ते. ऐपत आपल्या हाती असू शकते. पत मात्र नेहमी दुसऱ्याच्या हाती असते.

हा फरक समजून घ्यायला बाबासाहेबांचे आयुष्य पुरेसे आहे. १९१७ साली ते परदेशातून परतले आणि बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, पगारदार माणूस. भाडे देण्याची ऐपत होती, पण राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहावे लागले आणि तिथूनही लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईत आल्यावर त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारांबाबत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. अर्थशास्त्रात त्यांच्या तोडीची माणसे त्या काळी मुंबईत किती असतील? पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले आणि तो व्यवसाय बंद पडला. सल्ला चुकला म्हणून नव्हे. सल्ला देणाऱ्याची जात कळली म्हणून.

१९२० साली 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला. व्यापाराचा साधा नियम असा की रोख पैसे मोजणाऱ्याची पत कुणी विचारत नाही. पण आमच्या बाबतीत रोख पैशालाही पत लागत होती.

आता सांगा, बाबासाहेबांमध्ये कोणता गुण कमी पडला होता? शिक्षण? कष्ट? सचोटी? जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या ज्याला पत मिळवून देऊ शकल्या नाहीत, त्या माणसाचे उदाहरण समोर असताना 'गुण असले की पत आपोआप येते' हे कुणी आम्हाला सांगू नये.

व्याजाचा दर वर्णाप्रमाणे

ही रीत कुठून आली? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली हे आपल्यातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. पण त्या ग्रंथात कर्ज आणि व्याजाबद्दल काय लिहिले आहे, याची चर्चा आपल्या सभांमध्ये फारशी होत नाही. स्त्रियांविषयीचे आणि शूद्रांच्या शिक्षेचे श्लोक आपण सांगतो, ते सांगायलाच हवेत. पण आठव्या अध्यायातला व्याजाचा श्लोकही तितकाच बोलका आहे.

त्या श्लोकात दरमहा व्याज घ्यायचे प्रमाण वर्णाप्रमाणे दिले आहे. ब्राह्मणाकडून शेकडा दोन, क्षत्रियाकडून तीन, वैश्याकडून चार आणि शूद्राकडून पाच. वर्षाचा हिशेब केला तर ब्राह्मणाला शेकडा २४ आणि शूद्राला शेकडा ६०. रक्कम तीच, मुदत तीच, पण व्याज अडीच पट. कशाबद्दल? केवळ जन्माबद्दल.

त्याच अध्यायात पुढे परतफेडीचा नियम आहे. कर्ज घेणारा सावकाराच्या बरोबरीच्या किंवा खालच्या जातीचा असेल तर त्याने अंगमेहनत करून कर्ज फेडावे. वरच्या जातीचा असेल तर त्याने सवडीने, हळूहळू द्यावे. म्हणजे एकाला हप्ते आणि दुसऱ्याला वेठ. आणि दहाव्या अध्यायात तर शूद्राने सामर्थ्य असले तरी धनसंचय करू नये असे स्पष्ट सांगितले आहे.

हे तिन्ही नियम एकापुढे एक ठेवून वाचा. संपत्ती जमवायची नाही. कर्ज लागले तर सर्वांत चढ्या व्याजाने घ्यायचे. फेडता आले नाही तर शरीर राबवायचे. ज्याला संपत्ती जमवण्याची बंदी आहे त्याच्याकडे तारण कुठून येणार? आणि तारण नाही म्हणून त्याचे कर्ज जोखमीचे, म्हणून त्याला व्याज जास्त! आधी पाय बांधायचे आणि मग हा चालण्यात कच्चा आहे असे म्हणायचे, त्यातलाच हा प्रकार. शूद्राची ही गत, तर ज्यांना चातुर्वर्ण्याच्या बाहेर लोटले त्या अतिशूद्रांचा हिशेब मांडायलाच नको.

ग्रंथात लिहिले म्हणून प्रत्येक पेठेत, प्रत्येक सावकाराने हेच दर लावले असा आमचा दावा नाही. पण पत जन्मावरून ठरते हा विचार धर्माच्या शिक्क्याने रुजवला गेला, एवढे त्यावरून नक्की सिद्ध होते.

विश्वास होता, पत नव्हती

आता महाराष्ट्राच्या गावात येऊ. गावगाड्यात महाराची कामे कोणती होती? गावाची राखण करणे. सरकारी वसुलीचा पैसा तालुक्याच्या कचेरीत पोहोचवणे. निरोप नेणे. आणि दोन गावांत शिवेचा तंटा उभा राहिला की शीव कुठून जाते ते सांगणे.

याचा अर्थ नीट समजून घ्या. अख्ख्या गावाचा महसूल ज्याच्या डोक्यावर देऊन गाव निर्धास्त झोपत होते तो महार होता. ज्याच्या साक्षीवर गावाची हद्द ठरत होती तोही महारच होता. विश्वास ठेवायला गावाला काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती पत द्यायला. कारण विश्वास ठेवून काम करून घेता येते, पण पत दिली की समोरच्याला माणूस म्हणून, बरोबरीचा व्यवहार करणारा म्हणून मान्य करावे लागते.

या कामाचा मोबदला काय होता? बलुते, म्हणजे सुगीला खळ्यावर मिळेल तेवढे धान्य. शिवाय घरोघर फिरून मागितलेली भाकरी. रोख मजुरी नाही, ठरलेला दर नाही, वहीत नोंद नाही. जो माणूस पिढ्यान्‌पिढ्या राबला पण ज्याच्या कष्टाची कुठल्याच वहीत जमा नाही, त्याची पत कोणत्या कागदावर दिसणार?

त्यात वतनाची जमीन. हाडकी-हाडोळा म्हणून जी ओळखली जाते ती. नावाला जमीन होती, पण ती चाकरीशी बांधलेली. १८७४ च्या वतन कायद्याने वतनाच्या जमिनीच्या हस्तांतरावर बंधने होती. पुढे एकेका तुकड्याला इतके वाटेकरी झाले की पोट भरणे दूरच, पण त्या तुकड्यापायी चोवीस तासांची गावकी मात्र सगळ्यांच्या मानगुटीवर बसली. ज्या जमिनीवर धड पोट भरत नाही, जी मोकळेपणाने विकता येत नाही, आणि जिच्यामुळे नकार देण्याचे स्वातंत्र्यही जाते, तिला मालमत्ता म्हणायचे की साखळी?

बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे मंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याचसाठी. ज्याला चाकरी सोडायची असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन मोकळी करून घेता यावी आणि बलुत्याच्या जागी पैशात मोबदला यावा, हा त्याचा रोख होता. धान्याऐवजी पैसा आणि चाकरीऐवजी करार. हे विधेयक त्यांना पुढे मागे घ्यावे लागले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ सालीच महार वतने खालसा करून हा प्रश्न सोडवला होता. उरलेल्या महाराष्ट्राला कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणाऱ्या १९५८ च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. त्यानंतरही ज्या जमिनी परत मिळाल्या त्या नव्या शर्तीवर, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर न करण्याच्या अटीवर मिळाल्या.

कर्जरोखे कुणाचे जळाले?

शाळेच्या इतिहासात १८७५ चा दख्खनचा उठाव असतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर हल्ला करून कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या जाळल्या. हा वणवा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याच्या लुटीचे सगळे वाटेकरी उघडे पाडले. हा आपलाच वारसा आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे.

पण एक प्रश्न विचारायलाच हवा. रोखा कुणाच्या नावाचा होता? ज्याच्याकडे गहाण टाकायला जमीन होती त्याचा. ज्याच्याकडे जमीनच नव्हती त्याने गहाण काय टाकले? त्याने स्वतःचे हात गहाण टाकले. सालगडी म्हणून वर्षाचा करार, आधी उचल, मग वर्षभर राबणूक. उचल फिटली नाही तर पुढचे साल. बाप थकला तर मुलगा. मनुस्मृतीतला 'अंगमेहनतीने फेडावे' हा नियम कुणी वाचून दाखवायची गरज नव्हती, तो शेतावर चालूच होता. शेतकऱ्याचा रोखा जाळता येत होता. सालगड्याच्या हातांचा रोखा कसा जाळायचा?

भाषेची गंमत बघा. कर्ज देणारा तो 'सावकार'. त्यात 'साव' आहे, म्हणजे सज्जन, चोराच्या उलट. गरिबाला कर्ज फेडता आले नाही की तो 'बुडव्या'. मोठ्या कारखानदाराने फेडले नाही की त्याचे 'खाते थकीत', त्याचा 'उद्योग आजारी', त्याच्या कर्जाची 'पुनर्रचना' किंवा 'निर्लेखन'. गरिबाने बुडवले तर चारित्र्याचा दोष, श्रीमंताने बुडवले तर परिस्थितीचा. पतीचा निकाल आकडे लागण्याआधीच शब्दांमध्ये लागलेला असतो.

पत हे हत्यार म्हणून कसे वापरले जाते हे १९३० साली सरकारदरबारीच नोंदले गेले. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते. समितीच्या अहवालात स्पष्ट लिहिले आहे की अस्पृश्यांनी हक्क बजावला की वरचे वर्ग आपली आर्थिक ताकद वापरतात. जमिनीवरून काढतात, काम बंद करतात, येण्याजाण्याच्या वाटा अडवतात, आणि गावचा वाणी जीवनावश्यक माल विकणे थांबवतो. वाण्याने माल बंद करणे याचा अर्थ काय? हातात पैसा असला तरी मीठ-मिरची मिळणार नाही. गावाने एका दिवसात तुमची पत शून्य केली. आज महाराष्ट्रात सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, २०१६ चा. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक आणि आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरला आहे. पण अशा बहिष्काराविरुद्ध शिक्षेची तरतूद असावी ही मागणी बाबासाहेबांनी १९४७ सालीच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये सविस्तर मांडून ठेवली होती.

पत देता येते

पत व्यवस्थेने हिरावली असेल तर ती व्यवस्थेलाच परत द्यावी लागेल. हे शक्य आहे, याचा एक छोटा पण फार मोठा दाखला कोल्हापुरात आहे.

गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेतले नोकर. सवर्णांच्या पाण्याला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी त्यांना भांडवल देऊन चहाचे हॉटेल काढायला लावले. पण अस्पृश्याच्या हॉटेलात गिऱ्हाईक कोण येणार? भांडवल मिळाले, पत कुठून आणायची? महाराज स्वतः तिथे थांबून चारचौघांत चहा प्यायले आणि सोबतच्या सरदार-दरकदारांनाही पाजला. इथे महाराजांनी दोन गोष्टी दिल्या: पैसा आणि पत. नुसता पैसा दिला असता तर बाबासाहेबांच्या सल्लागार व्यवसायाचे जे झाले तेच गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलचे झाले असते.

पण राजा एका हॉटेलात चहा पिऊ शकतो, लाखो माणसांच्या दारात जाऊ शकत नाही. म्हणून बाबासाहेबांचा रस्ता वेगळा होता. 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिणाऱ्या माणसाला चलन आणि पत म्हणजे काय हे कुणी शिकवायची गरज नव्हती. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. त्याच्या कार्यक्रमात भूविकास बँका, शेतकऱ्यांच्या उत्पादक सहकारी संस्था आणि खरेदी-विक्री संस्था उभारण्याची मागणी होती. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला, त्यात महारांबरोबर कुणबीही होते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर त्यांनी शेती राज्याच्या मालकीची करावी, ती जातपात न पाहता कसायला द्यावी आणि भांडवल राज्याने पुरवावे, असे सांगितले.

यातला धागा ओळखा. बाबासाहेबांनी कुठेही सावकाराला 'आमच्यावर भरवसा ठेवा' अशी विनंती केली नाही. पत ही कुणाच्या मनातली मर्जी राहू नये, ती कायद्याने आणि संस्थेने हमी दिलेला हक्क व्हावी, असा त्यांचा आग्रह होता. मर्जी मागितली की उपकार होतो, आणि उपकाराची परतफेड स्वाभिमानाने करावी लागते.

सातबारा, जामीनदार आणि सिबिल

स्वातंत्र्यानंतर काय झाले? महाराष्ट्रात सहकार फोफावला. गावोगावच्या सोसायट्यांनी सावकाराचा फास बऱ्याच शेतकऱ्यांच्या गळ्यातून सोडवला, हे खरे. पण सोसायटीचे कर्ज सातबाऱ्यावर मिळते. ज्याचे सातबाऱ्यावर नावच नाही, त्याच्यासाठी सहकाराचे दार अर्धेच उघडले. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे अग्रक्रम क्षेत्राच्या कर्जात दुर्बल घटकांचा वाटा ठरला. १९७८ साली महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आले. २०१६ साली स्टँड अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला १० लाख ते १ कोटी रुपयांचे कर्ज द्यावे असे ठरले. यांतली प्रत्येक गोष्ट बाबासाहेबांच्या विचाराच्या दिशेने टाकलेले पाऊल आहे. ज्यांच्या घरात या कर्जातून पहिली रिक्षा, पहिले शिलाई मशीन आले, त्यांना त्याची किंमत विचारा.

पण दारात उभा असतो जामीनदार. 'दोन जामीनदार आणा, सरकारी नोकर असतील तर बरे.' ज्या भावकीत पहिल्या पिढीचा एखादाच नोकरदार, त्याने किती जणांना जामीन राहायचे? उच्चशिक्षणाच्या कर्जालाही साधारणपणे ७.५ लाख रुपयांच्या पुढे तारण मागतात. वडिलांचे घर गावठाणात किंवा झोपडपट्टीत असेल तर त्या घराचे तारण कोण घेईल?

आता कुणी म्हणेल, 'हे जुने झाले. आता सिबिल आहे. संगणकाला जात कळत नाही.' हा युक्तिवाद आपल्यातलेच शिकलेले तरुणही करतात, म्हणून त्याचे उत्तर नीट देऊ. सिबिलचे गुण ३०० ते ९०० च्या दरम्यान असतात आणि त्यात जातीचा रकाना नसतो हे बरोबर आहे. पण हे गुण कशावर मिळतात? आधी घेतलेल्या कर्जाच्या परतफेडीवर. ज्याला आजवर कुणी कर्जच दिले नाही त्याला गुण कुठून येणार? बँक इतिहास मागते, आणि आमचा इतिहास बँकेबाहेरच्या सावकाराकडे, मुकादमाकडे आणि दुकानाच्या उधारीत आहे. वेळेवर फेडलेली ती कर्जे या गुणांत धरली जात नाहीत. शिवाय मोठ्या कर्जाला तारण लागतेच, आणि तारण म्हणजे जमीन, घर, सोने. बापजाद्यांना जे जमवायची मनाई होती नेमके तेच. यंत्र जात विचारत नाही, ते जातीने मागे ठेवलेला हिशेब तेवढा वाचते.

आणि ज्यांच्यापर्यंत सिबिलही पोहोचले नाही त्यांचे काय? बीडसारख्या जिल्ह्यांतून दरवर्षी ऊसतोडीला जाणारी कुटुंबे बघा. दलित, वंजारी, भटके-विमुक्त, आदिवासी. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. दोन माणसांचे एक अवजार झाले. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे. सालगड्याची उचल आणि कोयत्याची उचल, शब्दसुद्धा बदललेला नाही.

मग करायचे काय?

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. संपत्ती असण्याचे, ती उपभोगण्याचे, ऋणमुक्त असण्याचे आणि निर्दोष जगण्याचे. ऋण नसणे हे सुख आहे असे सांगणारा आपला धम्म आहे. म्हणून लग्नाच्या मांडवासाठी, डीजेसाठी, जयंतीला मोठेपणा दाखवण्यासाठी व्याजाने पैसा काढणे हे धम्माच्या विरोधात आहे, हे आपण आपल्या वस्तीत मोठ्याने बोलले पाहिजे. भांडवलासाठीचे कर्ज वेगळे आणि मिरवण्यासाठीचे वेगळे. पहिल्यासाठी भांडायचे, दुसरे नाकारायचे.

भांडायचे म्हणजे कायदा माहीत करून घ्यायचा. छोट्या कर्जाचा अर्ज नाकारला तर रिझर्व्ह बँकेच्या संहितेप्रमाणे कारण लेखी कळवावे लागते, ते मागा. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका. पतमाहिती कंपन्यांना आपला अहवाल वर्षातून एकदा मोफत द्यावा लागतो, तो काढून चुका दुरुस्त करून घ्या. परवान्याशिवाय सावकारी करणे हा महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याने गुन्हा आहे, सहकार खात्याच्या निबंधकाकडे तक्रार करता येते. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने वेठीला बांधणारे कर्जच रद्द होते, उचलीत अडकलेल्या भावाबहिणींपर्यंत हे पोहोचवा. प्रत्येक वस्तीत कार्यकर्त्यांनी एक तरी माणूस असा तयार करावा ज्याला बँकेचा अर्ज, महामंडळाची योजना आणि लेखी तक्रार यांची सवय आहे.

आणि एकमेकांना पत देऊ या. आपल्या माणसाच्या दुकानातून घेऊ, वेळेवर पैसे देऊ. 'आपलाच आहे' म्हणून उधारी थकवणे हे त्याच्या धंद्याच्या मुळावर घाव घालणे आहे. बचत गट, पतसंस्था नुसत्या काढू नका, त्यांचा हिशेब दर महिन्याला सर्वांसमोर वाचा. शाहू महाराज हॉटेलात चहा प्यायले तसे आपण आपल्या माणसाच्या दारात उभे राहू शकतो. पण एवढ्याने भागणार नाही हेही विसरू नका. जमीन, भांडवल आणि सार्वजनिक बँका हा राजकीय प्रश्न आहे. बँका पुन्हा खासगी हातांत देण्याची भाषा होते तेव्हा पहिला घाव कुणाच्या पतीवर बसणार हे ओळखून रस्त्यावर उतरावे लागेल.

कुणी 'तुमची पत काय?' असे विचारले तर मान खाली घालण्याचे कारण नाही. गावाचा महसूल आमच्या पूर्वजांनी डोक्यावर वाहिला आणि त्यांच्या शब्दावर गावाची शीव ठरली. भरवशाची परीक्षा ते केव्हाच उत्तीर्ण झाले होते. पत नाकारणाऱ्यांनी ती का नाकारली, याचा हिशेब आता आम्ही मागणार आहोत.

जयभीम! जय भारत!